खाप्याला जाणारे ड्रायव्हरसाहेब

नागपूरच्या आमच्या कॉलनीत दारोदारी पदव्यांच्या पाट्या. एका दारावर मात्र नावाखाली नुसतं 'ड्रायव्हर'. फौजेत वीस वर्षं काढून हवालदार होऊन परतलेला माणूस! पण कुणी 'फौजी' म्हटलं की ड्रायव्हरसाहेब लगेच दुरुस्त करायचे, "लढले ते वर, पहाडावर. मी खालून दारूगोळा पोचवला. ड्रायव्हर म्हणा मले."

देशप्रेमाची त्यांची व्याख्या फारच सोपी होती. एका पंधरा ऑगस्टला एक पोरगा मोटारसायकलला भला मोठा तिरंगा लावून लाल सिग्नल तोडायच्या बेतात होता. साहेब शेजारच्या स्कूटरवरून गरजले, "देशासाठी मरणं मंग पाहू गा, आधी सिग्नलवर थांब!" पोरगा थांबला, त्याच्यामागे अख्खा चौक थांबला. स्कूटरच्या मागच्या सीटवर मी. लाजेनं मान खाली घातली होती, पण मनातून टाळ्या वाजवत होते.

सव्वीस जानेवारीला झेंड्याला सलामी दिली की साहेब गळा फाटेस्तोवर 'जय हिंद' म्हणायचे. पण भाषणात 'शूर जवान' हे शब्द आले रे आले, की ह्यांची स्कूटर सुरू. थेट नागपूरजवळच्या खाप्याला, देवरावच्या मायकडे. देवराव त्यांचा फौजेतला जोडीदार. कारगिलच्या वेळी गाडीवर तोफगोळा पडून तो गेला. माय साहेबांना समोर बसवून झुणका-भाकर वाढायची आणि पोट भरलं म्हटलं तरी आणखी एक भाकर ताटात टाकायची. बायको वारल्यापासून साहेबांना हक्काचं असं तेवढंच एक घर उरलं होतं.

मी कॉलनीची सचिव, आणि मला सत्कारांचा भारी सोस. या वर्षी मी साहेबांच्या मागेच लागले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खरं कारण सांगितलं. "देवराव गेला त्या दिवशी ड्युटी माही होती वं ताई. मले ताप होता, म्हणून तो गेला. तुही शाल त्याची हाये. मायले हे आजवर सांगितलं नाही. सांगितलं तं तिचं दार मले बंद होईन."

मग स्वतःच म्हणाले, "कर तुहा सत्कार. पण मायले बोलव. तिच्यासमोर सांगतो. हाकललं तरी चालन."

सव्वीस जानेवारीला मी गाडी पाठवून मायला आणलं. शालीला हात न लावता साहेबांनी माईक धरला. कसंबसं सगळं सांगितलं आणि मायकडे वळून उभे राहिले.

माय बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मले तवाचंच माहीत हाये. देवरावच्या शेवटच्या चिठ्ठीत होतं, जोडीदाराले ताप हाये, आज मी जातो म्हणून."

"मंग बोलली काहून नाही वं माय?"

"बोलली असती तं तू येणं बंद केलं असतं, बाबू."

एवढा धिप्पाड माणूस तिच्या पायाशी बसून रडला, आणि रडता रडताच हसायला लागला. अध्यक्षांचं भाषण मी सरळ गाळून टाकलं. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

माय थकली होती. महिनाभरात साहेबांनी बिऱ्हाड आवरलं आणि खाप्याला राहायला निघाले. सामान चढवताना माझे डोळे भरून आले, तर टेम्पोतून मलाच दटावतात, "काहून रडून राहिली वं ताई? मी का बॉर्डरवर चाललो? मायच्या घरी चाललो न मी!"