सालदाराची पोट्टी जहाजावर

"तू यात घे व."

मालकीणबाईनं बॅगेतून स्टीलचा गिलास काढला अन् माह्यासमोर धरला. भरल्या हॉलात. जहाजावरच्या, झुंबरं लटकलेल्या, एसीच्या हॉलात. बाजूच्या मशीनपाशी सारे लोक कागदी कपात चहा-कॉफी भरून राह्यले होते. कागदी कप! पिला का फेकला. तो कप कोणाचाच नसते. तरी मले गिलास.

अन् तो गिलास मी ओळखला ना. गावात त्यायच्या गोठ्याच्या खिडकीत उपडा असते तोच. काठाले चेपलेला. माही माय सकाळी त्यायचा गोठा झाडते, शेण काढते, मंग बाई वरून चहा सोडते त्यात. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गावातून तो गिलास अकोल्याले गेला, रेल्वेनं मुंबईले आला, समुद्रातून गोवा पाहून वापस आला. साड्यायच्या घड्यायमधी. म्हणजे घरून निघतानाच कोणीतरी आठवणीनं टाकला होता.

थांबा, पयलेपासून सांगतो. नाहीतर सारं एकदम सांगून टाकीन.

मी सालदाराची पोट्टी. सालदार म्हणजे वर्षाचा बांधलेला गडी. बाबा मालकाच्या वावरात सालावर हाये, माह्या जन्माच्या आधीपासून. साल बाबाचं ठरते, राबते मात्र सारं घर. मायचं गोठा झाडणं सालात. माहं त्यायच्या अंगणात पापड वाळू घालणं सालात. पापडाचीही गंमत ऐका. ओल्या पिठाले आमी हात लावाचा नाही. लाटून झाला, उन्हात पडला, का मंग आमी उलटपालट केला तरी चालते. वाळलं का बाटत नाही म्हणे. आमी त्यायच्या जातीचे नाही, एवढंच सांगतो, बाकी तुमी समजून घ्या. कोणी पाहुणा आला अन् इचारलं तर बाई म्हणते, "घरचीच हाये ती." काम असलं का घरची. जेवाच्या टायमाले अंगणातली.

यंदा माही बारावी झाली. वाशीमले नर्सिंगले नंबर लागला. आमच्या घरात पयलाच! सोमवारी ओरिजनल कागदं घेऊन हजर व्हाचं होतं, नाहीतर जागा दुसरीले. मधात ही सहल निघाली. मालकाची पोरगी, ताई, पुण्याले नोकरीवर हाये. तिनं मायबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाले जहाजाची सहल भेट देली. मुंबई-गोवा-मुंबई, शनिवारी वापस. जवाईबापूले ऐनवेळी सुट्टी नाही भेटली. त्यायच्या जागी मी. ताईचं लेकरू धराले.

बाबा म्हणे, "जाय, समुद्र पाहून येशीन."

मी उड्या मारल्या. खोटं कायले बोलू? अंगणभर मारल्या.

बंदरावर चढताना मालकीणबाई म्हणे, "इथं मालकीणबाई-बिलकीणबाई नको म्हणू. काकू म्हण. लोक काय म्हणतीन." अन् माहं आधार कार्ड ठेवून घेतलं, "तू हरवशीन." जहाजाचं कार्डही त्यायच्याच पर्समधी. त्या कार्डानं खोली उघडते, अन् उतरताना दारातल्या मशीनले तेच दाखवा लागते. ते नसलं तर तुमी जहाजावरच.

मंग तिथं मी भाची होती. खरंच! बाजूच्या खोलीतली इंदूरची बाई म्हणे, "कितनी प्यारी भांजी है आपकी." काकू हसल्या, नाही म्हणल्या नाही. मी त्यायच्याच टेबलावर जेवली, त्यायच्यासारख्याच पांढऱ्या ताटात. पाणी ज्याच्या त्याच्या बाटलीतलं, म्हणून त्या गिलासाची पाळीच आली नाही. सांजेले डेकवर उभी राहून मले वाटे, किनारा दिसेनासा झाला का गावही मागंच राहून जाते का काय. येडी होती मी.

आता ती सकाळ.

आदल्या दिवशी जहाजवाल्यायनं सांगितलं होतं, मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवा, आमचे लोक खाली पोहोचवतीन. साऱ्यायनं ठेवल्या. काकू म्हणे, "पैठण्या हायेत त्यात. रस्त्यावर ठेवाले मी येडी हाओ का?" ठेवल्याच नाही. सकाळी खोल्या खाली करून साऱ्यायले हॉलात बसवलं, तं लोकायच्या हातात नुसती पर्स अन् आमच्याभोवती बॅगायचा ढीग. ढिगाच्या मधात सोफ्यावर मी. मांडीवर झोपलेलं लेकरू. हात बधीर.

जहाज कव्हाचं धक्क्याले लागलं होतं. काचातून जमीन दिसून राह्यली होती. ट्रॉल्या, हमाल, एक कुत्रं उन्हात आडवं पडलेलं. त्याले कोणी कार्ड नाही मागत. आमाले मात्र उतरता येईना. मजल्यामजल्यानं पुकारत होते. पुकारलं का सारे मान वर करत. आपला मजला नाही. बसा. पुन्हा पुकारलं. नाही. बसा. लेकरायची रडारड, परफ्यूमचा वास, अन् काच उघडत नाही.

तेवढ्यात वाशीमच्या एक वकिलीणबाई आल्या. मालकाच्या वळखीच्या.

"अगोबाई! तुमी? एकाच जहाजात अन् भेटच नाही!"

"आमी वरच्या मजल्यावर होतो ना," काकू म्हणे.

वकिलीणबाईनं माह्याकडे पाह्यलं. "ही कोण? भाची का?"

"नाही व माय! सालदाराची पोट्टी हाये. लेकरू धराले आणली." अन् मले, "ऊठ. त्यायले बसू दे. तू खाली बस, बॅगायपाशी."

बाजूचे सोफे रिकामे होते. चांगले रिकामे.

मी उठली. खाली गालिच्यावर बसली, लेकरू घेऊन. कोणी ढकललं नाही मले. डोकं नाही म्हणाच्या आधी गुडघेच वाकले, सवयीनं. समोर ती इंदूरची बाई होती. तिनं माह्याकडे पाह्यलं, काकूकडे पाह्यलं, अन् मोबाईल काढून त्यात पाहू लागली.

मंग तो गिलास.

"नको," मी म्हणलं.

"काहून? सकाळपासून काही घेतलं नाही तुनं."

"चहा सोडला."

वकिलीणबाई हसल्या. "जहाजात बसून तोरा आला व पोट्टीले!"

मालकही हसले. ताई हसली नाही, पर्सची चेन लावत बसली. बाईनं गिलास तिथंच टेबलावर ठेवला, माह्या नाकासमोर.

मंग त्यायच्या गप्पा. माह्या डोक्यावरून, खरोखर डोक्यावरून, कारण मी खाली अन् त्या वर. वकिलीणबाई म्हणे, "ताई, नोकरी करून लेकराचं कसं करता मंग पुण्यात?"

"ही जाऊन राह्यली ना तिच्यासंग," बाई म्हणे. "इथूनच. खाली पुण्याची गाडी येऊन उभी असन. मालकायचं झालं बोलणं हिच्या बापासंग. साल त्याचं हाये, त्याच्यातच ही."

मले वाटलं दुसऱ्या कोणाचं बोलून राह्यले.

"शिकत नाही का ही?"

"नर्सिंग म्हणे! शिकून बी लोकायचंच धूत बसन ना? त्याच्यापेक्षा ताईकडे एसीत राहीन."

"काकू, माहं सोमवारी..." माह्या तोंडातून निघालं.

"काकू?" वकिलीणबाईच्या भुवया वर गेल्या.

बाईचा चेहरा असा झाला का जशी मी त्यायच्या ताटात हात घातला. दातायमधून, हळूच म्हणे, "मालकीणबाई म्हण."

मालकानं मोबाईलमधून मान काढली. "बापाले इचार तुह्या. त्यानं हो म्हणलं हाये."

मी इचारलं. बंदरात रेंज फुल होती. फोन लावला, एका हातात लेकरू.

"बाबा, तुमी हो म्हणलं?"

मागं मोटरपंपाचा आवाज.

"मालक म्हणले, एका वर्षाचीच गोष्ट हाये. मी कसं नाही म्हणू पोट्टे?"

"सोमवारी कागदं द्याची हायेत."

"मले माहीत हाये."

"मंग?"

पंप चालूच होता. मंग बाबा म्हणे, "लेकरू नीट धर. पाडू नको."

अन् फोन ठेवला.

मी तिथं बसून राह्यली. सांगू कसं वाटलं? समुद्रात वाटलं नाही तसं. समुद्रात चारी बाजूनं पाणी होतं तरी छाती मोकळी होती. आता समोर जमीन, अन् श्वास नाही. उतरली नाही तं जहाज. उतरली तं गाडी. आधार त्या पर्समधी, कार्ड त्या पर्समधी, बाबाचा शब्द मालकाच्या खिशात. माहं असं तिथं काय होतं? अंगावरचा ड्रेस. तोही ताईचा जुना.

पुन्हा पुकारलं. आमचाच मजला.

सारे उठले. बाईनं माह्या पाठीवर एक बॅग अडकवली, दोन्ही हातात एकेक दिली, वरून ताईनं लेकरू खांद्यावर टाकलं. "चाल, चाल." गिलास टेबलावरच राह्यला. बाईच्या ध्यानात आलं नाही, अन् मी आठवण देली नाही.

रांग दारापर्यंत. पुढं मालक, मंग बाई, ताई, मी. मागून लोक रेटून राह्यले. लेकरू उठलं, माह्या केसायले धरून लोंबकळलं. दारात गणवेशातली एक पोरगी मशीन घेऊन उभी. माह्यापेक्षा थोडीशीच मोठी असन. बाईनं चारही कार्ड पंख्यासारखे धरले.

"मॅडम, हर एक का कार्ड अपने हाथ में. चेहरा मिलाना पड़ता है."

"अरे, सब एकही घर के है."

"फिर भी मॅडम. सबका अपना अपना."

बाईनं वाटले. माहं कार्ड माह्या हातात आलं. हातात बॅगा होत्या म्हणून मी त्या खाली ठेवल्या. म्हणजे कार्ड घ्यासाठीच ठेवल्या, खरं सांगतो. पण ठेवल्यावर हात मोकळे झाले, अन् मले पुन्हा उचलू वाटलं नाही. पाठीवरची बी काढली. लेकरू ताईच्या अंगावर देलं.

"ताई, तुमचं लेकरू धरा."

ताईनं धरलं. काय करणार, धरा लागलंच.

"माहं आधार द्या," मी बाईले म्हणलं.

"खाली देतो. चाल."

"इथंच द्या."

"येडी झाली का व? बॅगा उचल!"

मागून एक जण ओरडला, "आगे बढ़ो भाई, क्या चल रहा है?" मी नाही सरकली. दाराची चौकट अन् मी, दोघी तिथंच. एका हातानं चौकट धरून ठेवली होती, नाहीतर सरकलीच असती. लय हिंमतवाली बिम्मतवाली समजू नका मले.

मालक जवळ आले. आवाज बारीक करून म्हणे, "तमाशा नको करू. तुह्या बापाचं साल हाये माह्याकडे."

"साल बाबाचं हाये. माहं नाही."

"उद्याच्या उद्या घालवून देईन त्याले."

इथं मी थांबली. मले बाबा दिसला, पंपापाशी, फोन हातात. माय दिसली. हे काही माह्या एकटीचं नव्हतं, मले माहीत होतं. तरी म्हणलं.

"घालवा."

बाबाले इचारून नाही म्हणलं मी. पण बाबानंही मले इचारून हो म्हणलं नव्हतं.

गणवेशातली पोरगी आता बाईकडे पाहून राह्यली होती. "मॅडम, इनका आयडी आपके पास क्यों है?"

एवढंच म्हणली ती. रागानं नाही, साधं इचारलं. पण रांगेतले सारे डोळे बाईवर. वकिलीणबाईही मागं सोफ्यापाशी टाचा उचलून पाहून राह्यल्या होत्या. बाईनं पर्समधी हात घातला, आधार काढलं अन् माह्या पायापाशी फेकलं.

"घे. अन् मिरव गावभर."

मी वाकून उचललं. स्वतःच्या नावासाठी वाकली, त्याची मले लाज नाही. मशीननं टीप केलं. मी उतरली. मागं मालक स्वतः बॅगा उचलून राह्यले होते अन् बाई म्हणत होती, "हळू, त्यात पैठण्या हायेत!"

गेटबाहेर मी रस्ता इचारत इचारत स्टेशनले आली. मायनं निघताना रुमालात बांधून पैसे देले होते, त्यात जनरलचं तिकीट झालं. आता डब्यात दारापाशी बसून हे टाइप करून राह्यली. बोटं थांबूनच नाही राह्यली. चुका झाल्या असतीन तं असू द्या.

मायचा फोन आला मघाशी. मालकाचा फोन घरी येऊन गेला म्हणे. बाबा वावरातून आला, जेवला नाही, भिताडाले टेकून बसला हाये.

मी म्हणलं, "माय, उद्या त्यायचा गोठा झाडाले जाऊ नको."

माय म्हणे, "अव, गायीचा काय गुन्हा?"

"गायी त्यायच्या हायेत. त्यायनं झाडावं."

माय हो म्हणली नाही, नाहीही म्हणली नाही. फोन मात्र ठेवला नाही तिनं.

उद्या मी घरी पोहोचतो. बाबा मारन का बोलन का पाहणारच नाही, मले माहीत नाही. साल तुटन, बहुतेक तुटनच. तुटलं तं मी बाबासमोरून हटणार नाही. त्यायनं शिव्या देल्या तं ऐकून घेईन, कारण त्यायचं नुकसान माह्या तोंडानं झालं. पण माफी मागणार नाही. सोमवारी पहिल्या बसनं वाशीमले जाईन अन् कागदं देईन. रात्रीचं काम धरीन, सुट्टीत सोयाबीन कापीन, रोजानं, ज्याच्या वावरात माही मजुरी माह्या हातात देतीन त्याच्याच वावरात.

अन् यापुढं माह्या नावानं कोणाले हो म्हणाचं असन तं मले इचारा लागन. मालकाले इचारा लागन. बाबालेही इचारा लागन.