एर्मेस बाराल्दीचं डावं मडगार्ड

पावाच्या व्हॅनवाल्याने मागे न बघता रिव्हर्स घेतला, घडलं ते एवढंच. मंगळवारचा बाजार, इटलीतल्या स्पिलाम्बेर्तो गावच्या चौकात सकाळची गर्दी, आणि चीजवाल्याच्या छत्रीपाशी लेओनिल्देबाईंची एक्कावन्न वर्षांची शर्यतीची गाडी उभी. टपाशिवायची, दोनच माणसांची, काळपट लाल. व्हॅनचा लोखंडी बंपर तिच्या पुढच्या डाव्या मडगार्डमध्ये घुसला. हातभर पोचा पडला, दिवा फुटला, कडेचा पत्रा रुमालासारखा दुमडला. व्हॅनवाला बिचारा रडकुंडीला आला. त्याच्यावर कुणी रागावलं नाही. राग यावा असं जे झालं ते नंतर झालं, आणि ते शिकल्यासवरलेल्या लोकांनी केलं.

सरळ विचार केला असता तर गाडी त्याच दुपारी दोन गल्ल्या पलीकडे एर्मेस बाराल्दीच्या दारात जायला हवी होती. पण विमा कंपनीचा नियम आडवा आला. गाडी म्हणे मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्येच जाणार. लेओनिल्देबाईंनी चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, गावातल्या प्रत्येकाला चिठ्ठी नीट वाचायला शिकवलं, आणि स्वतः मात्र तीन पानी कागदावर न वाचता सही ठोकून मोकळ्या झाल्या. गाडी ओढून नेली शहराबाहेरच्या काचेच्या शेडमध्ये. तिथे फरशी इतकी स्वच्छ की बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आत जावं लागतं.

एर्मेसला हे कळलं पंधरा दिवसांनी, आणि तेही न्हाव्याकडे. अर्धी दाढी झालेली असताना तो खुर्चीवरून उठला.

हा माणूस कोण, तर अडुसष्ट वर्षांचा, बुटका, खांदे बैलासारखे, आणि पन्नास वर्षं पत्र्यावर ठोकल्यामुळे दोन्ही कानांनी अर्धा बहिरा. त्यामुळे तो नेहमी ओरडूनच बोलतो. बाप दुसऱ्याच्या शेतात अर्धेलीने राबायचा. एर्मेस डावखुरा. शाळेतल्या नन बायांनी त्याचा डावा हात तीन वर्षं कमरेला बांधून ठेवला. उजव्या हाताने तो अक्षर काही शिकला नाही, शाळा सोडायचं मात्र शिकला. चौदाव्या वर्षी मोदेनातल्या एका लहानशा कारखान्यात त्याला पत्र्याच्या कामाला लावलं. शर्यतीच्या गाड्यांची अंगं तिथे हाताने ठोकून बनत. तारेचा एक सांगाडा, झाडाचा खोलगट केलेला बुंधा, वाळू भरलेली कातडी पिशवी, लाकडी मोगरी आणि दोन कान. एवढीच यंत्रसामग्री. कारखान्याच्या मालकाने या पोराला डाव्या हाताने मोगरी उचलताना पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं! आता डावी बाजू हा ठोकेल."

तिथे कामाची रीतच तशी होती. एका गाडीची उजवी बाजू एक जण ठोके, डावी दुसरा. तारेचा सांगाडा एकच, पण हात दोन. त्यामुळे त्या कारखान्यातून निघालेल्या एकाही गाडीच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नव्हत्या. कुठे एक सेंटिमीटर, कुठे दीड. पत्रा बॉनेटला आणि दाराला जुळला की झालं. एकाच वेळी दोन्ही बाजू बघतो कोण? गाडी तर समोरून वाऱ्यासारखी निघून जाते. लेओनिल्देबाईंच्या गाडीची उजवी बाजू नेल्लोने ठोकली होती. तो वारला त्याला आता नऊ वर्षं झाली. डावी ठोकली सतरा वर्षांच्या एर्मेसने. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने केलेलं त्याचं ते पहिलं मडगार्ड. पुढे त्याच गाडीतून बाईंनी डोंगरातल्या शर्यती मारल्या, एकदा तिसऱ्या आल्या, आणि बक्षिसाचं हॅम अर्धं कापून कारखान्यात पाठवलं.

अर्ध्या दाढीचा साबण गालावर वाळवत एर्मेस शेडमध्ये पोचला. पायांत निळ्या पिशव्या चढवायला त्याने साफ नकार दिला. मागोमाग लेओनिल्देबाई टॅक्सीने आल्या. गाडी लिफ्टवर होती. डावं मडगार्ड कापून काढलं होतं आणि त्याच्या जागी एक नवीन, गुळगुळीत, चांदीसारखं चमकणारं मडगार्ड चिमट्यांनी धरून ठेवलं होतं. बॉनेट लावलेलं होतं. पुढे बोट जाईल एवढी फट, आणि मागे पत्र्यावर पत्रा घासत होता.

"हे काय बसवलंय?" एर्मेस गरजला.

विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिनियर मालागोली हसतमुख माणूस होता. वय पस्तिशीचं, हातात टॅबलेट. "काका, जुनं दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. आम्ही उजव्या मडगार्डचं स्कॅन घेतलं, कॉम्प्युटरवर आरशासारखं उलटवलं आणि यंत्राने हे बनवलं. एक दशांश मिलिमीटरचाही फरक नाही!"

"आणि ही फट?"

"त्याचंच आश्चर्य वाटलं. मोजल्यावर कळलं, बॉनेट वाकडं आहे. मूळचंच. तेही नवीन करू. मग दाराचा प्रश्न येईल, कारण दारसुद्धा..."

"दारसुद्धा वाकडं!" लेओनिल्देबाई म्हणाल्या. "आणि मग सीट वाकडी, मग मी वाकडी. पावाची व्हॅन एका कोपऱ्याला लागली, इंजिनियरसाहेब. तुम्ही तर सगळी गाडीच नवीन करायला निघालात."

"बाई, दोष आमचा नाही." त्याने टॅबलेट पुढे केला. अहवालात स्पष्ट लिहिलं होतं: डावं पुढचं मडगार्ड, मूळ बनावटीतच दोष, उजव्याशी अकरा मिलिमीटरचा फरक.

एर्मेसला चष्म्याशिवाय वाचता येईना. बाईंनी त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानात ओरडून वाचून दाखवलं. तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"दोष? नेल्लो त्याच्या हाताने ठोकायचा, मी माझ्या! बॉनेट आम्ही दोघांच्या पत्र्यांमध्ये बसवून ठोकलं, इकडे माझ्यासारखं, तिकडे त्याच्यासारखं. नेल्लोचा पत्रा उलटा करून माझ्या जागी लावलात तर बसणार कसा? तुमच्या उजव्या पायाच्या मापाने तुमच्या बायकोचा डावा बूट शिवा, बघा चालते का!"

"काका, त्या काळी साधनं नव्हती..."

"साधनं नव्हती म्हणून गाडी चालत होती! जुनं मडगार्ड कुठंय?"

एक मेकॅनिक जमिनीकडे बघत म्हणाला, "भंगाराच्या पेटीत. गुरुवारी गाडी येते न्यायला."

तो बुधवार होता. एर्मेसने परवानगी विचारली नाही. पेटीत कमरेपर्यंत वाकून त्याने आपलं मडगार्ड ओढून काढलं. चुरगाळलेलं, रंग उडालेलं, कापलेल्या कडेला कटरच्या पात्याने खाल्लेलं. मालागोली मागे धावला, ही कंपनीची मालमत्ता आहे म्हणाला. लेओनिल्देबाई मध्ये उभ्या राहिल्या. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला बाजूला ढकलायची त्याची छाती झाली नाही.

"गाडी मी घरी नेते," बाई म्हणाल्या. "हा जे करेल ते तुम्ही येऊन तपासा. पसंत पडलं तर ठीक."

"आणि नाही पडलं तर, बाई, दावा बंद होईल."

"बंद करा. पण येऊन बघायचं. न बघता लिहायची सवय लागलीय तुम्हाला."

पुढचे सोळा दिवस गल्लीत कुणाला दुपारची झोप मिळाली नाही. मार खाल्लेला ॲल्युमिनियमचा पत्रा कडक होतो, आणि तसाच ठोकला तर काचेसारखा तडकतो. म्हणून एर्मेस त्यावर कपड्याचा साबण घासायचा आणि गॅसची ज्योत फिरवायचा. साबण तपकिरी होऊन काळा पडला की आच बंद. तेवढ्यात पत्रा पुन्हा मऊ होतो, आणि आणखी क्षणभर उशीर झाला तर वितळून भोक पडतं. मग वाळूची पिशवी, मोगरी, आणि तळहात. डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. डोळे मिटून तो हात फिरवायचा, जिथे हात अडखळे तिथे ठोकायचा. लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा त्याने घरात येऊ दिला नाही. पोचा लांबीने भरून वर रंग मारणारे लोक त्याच्या लेखी पाकीटमारांच्या बरोबरीचे.

खरी पंचाईत कापलेल्या कडेची. कटरने तीन मिलिमीटर पत्रा खाल्ला होता, आणि तो कुठून आणणार? लेओनिल्देबाई रोज सकाळी गरम तिजेल्ले, तिकडचे छोटे चपटे पाव, फडक्यात बांधून आणायच्या आणि स्टुलावर बसून प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडायच्या.

"पट्टी जोड ना रे एक."

"पट्टी जोडली तर ती पट्टी दिसेल."

"कुणाला दिसेल? रंगाखाली?"

"मला."

"तू मरशील कधीतरी."

"तोपर्यंत तर दिसेल ना!"

शेवटी त्याने कडेजवळचा पत्रा ऐरणीवर हलक्या हाताने ठोकून ठोकून पसरवला, केसाकेसाने, आठ दिवस. मधे एकदा तडा गेला. त्या दिवशी त्याने मोगरी भिंतीवर फेकली, नन बायांना, कॉम्प्युटरला आणि, मेला म्हणून, नेल्लोलाही शिव्या घातल्या आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तडा सांधून पुन्हा ठोकायला बसला.

मडगार्ड सांधून गाडीवर चढवलं तेव्हा अजून रंगही लागला नव्हता. मालागोली आला. बॉनेट बंद केलं, आणि ते एका आवाजात बसलं. फट पुढून मागपर्यंत सारखी, सुतळीच्या जाडीची. त्याने मापाची पट्टी फटीत चालवली, परत चालवली. मग खाली वाकून मडगार्डच्या आतून हात फिरवला. सांधा त्याला सापडेना.

"किती मिलिमीटर हवं हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय कळतंय? बॉनेटला माहीत होतं, दाराला माहीत होतं. त्यांना विचारत गेलो."

मालागोलीने पट्टी खिशात ठेवली. काम उत्तम आहे, असं तो दोनदा म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. मग त्याने टॅबलेट उघडला आणि त्याचा चेहरा पडला. तिथे एकच रकाना होता: दोन्ही बाजू समान, हो किंवा नाही. आणि त्या रकान्यावर आधीचं वाक्य तसंच होतं, मूळ बनावटीत दोष.

"बाई, मला 'नाही' लिहावं लागेल. मग दावा बंद."

"लिहा," लेओनिल्देबाई म्हणाल्या. "खरंच आहे ते. समान नाहीतच."

"मोठ्या अक्षरात लिहा!" एर्मेस ओरडला. "पण ते 'दोष' आधी खोडा."

"खोडता येत नाही, काका. एकदा नोंद झाली की..."

"खोडता येत नाही? माझं मडगार्ड कापून भंगारात टाकता येतं, आणि एक शब्द खोडता येत नाही?"

 मालागोलीने पडदा वरखाली केला. अगदी तळाशी शेऱ्यांसाठी चार ओळींची रिकामी जागा होती, आणि ती आजवर त्याने कधी भरली नव्हती. "इथे लिहिता येईल," तो हळूच म्हणाला. बाईंनी ते एर्मेसच्या कानात ओरडून सांगितलं.

"मग लिहा," एर्मेस म्हणाला, आणि सावकाश, एकेक शब्द तोडत सांगू लागला. "हे मडगार्ड एर्मेस बाराल्दीने अठ्ठावन्न साली डाव्या हाताने ठोकलं. दोन हजार नऊ साली त्यानेच परत ठोकलं. ते उजव्यासारखं नाही, कारण उजवं नेल्लोचं आहे. ज्याला कुणाला यात दोष दिसतो, त्याने तोंडावर येऊन सांगावं. पत्ता लिहा खाली."

मालागोली दोन बोटांनी टाइप करत होता. "घर नंबर?"

"सव्वीस. आणि दुपारी एक ते तीन येऊ नका म्हणावं. मी झोपतो."