छत्तीस तारांचा कान

चाकवालीला सूर नाही, हे घरात इतकं पक्कं ठरलेलं, की ती स्वतःच पाहुण्यांना हसत हसत सांगायची. ठरवलं कुणी? थोरल्या बहिणीने. ताईचा गळा गोड, पुढे ती गाणं शिकवायला लागली. लहानपणी धाकटी एकदा तिच्याबरोबर गायला गेली, तर ताई कानांवर हात ठेवून म्हणाली, "तू आपली नुसते ओठ हलव." झालं! धाकटी त्यानंतर गाण्याच्या वाटेला गेलीच नाही. वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान घेतलं आणि चाकांत नाव काढलं.

नाव म्हणजे असं तसं नाही हं. वाकडं चाक आलं की ही ते मांडीवर घेते, नखाने एकेक तार टिचकावते आणि जी ढिली बोलते तेवढीच चावीने कसते. छत्तीसच्या छत्तीस तारा नीट बोलल्या की चाक सरळ. यालाच कान म्हणतात, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

साठी जवळ आली तेव्हा एका गिऱ्हाइकाने पंक्चर निघेपर्यंत बाकावर बसून मँडोलिन वाजवलं. दोन-दोन तारा जोडीने वाजताना ऐकून हिचा हात पान्यावरच थांबला. त्याच आठवड्यात तिने जाहीर केलं, की जुनं का होईना, आपण मँडोलिन घेणार. नवरा म्हणाला, "घे की, तुझी हौस." ताई म्हणाली, "तुला कुणीही टोपी घालेल. मी येते." चाकवाली हो म्हणाली खरी, पण मनातून तिला ते नको होतं. सूर नाहीच, हे आता चारचौघांत ताईसमोर सिद्ध झालं, तर पुन्हा वाद्याला हात लावायची हिंमत तिला होणार नव्हती.

जुन्या वाद्यांचं दुकान एका अरुंद जिन्यावर होतं. दुकानदाराने दोन मँडोलिनं काढली. एक चकचकीत, दुसऱ्याचं पॉलिश पार उडालेलं. ताईने चकचकीत उचललं. "हेच घे. नवशिक्याला आणखी काय लागतं?"

"बाई, तारांचं काही कळतं का तुम्हाला?" दुकानदाराने विचारलं.

"तारांवरच पोट आहे माझं," ती म्हणाली. तिने मँडोलिन खांद्याशी धरलं, एक डोळा मिटला आणि दांडीवरून नजर सोडली. "हे आऊट आहे," वाकड्या चाकाबद्दल बोलावं तशी ती म्हणाली.

"अगं, सायकल आहे का ती!" ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानदार मात्र हसला नाही. त्याने लोखंडी पट्टी आणून दांडीवर टेकवली. एका बाजूला पट्टी नीट बसली, दुसऱ्या बाजूला खालून उजेड दिसला. दांडी पिळली होती. "माझ्या नजरेतून सुटलं," तो ओशाळून म्हणाला.

मग तिने ते पॉलिश उडालेलं घेतलं. दांडी सरळसोट. एकेक जोडी टिचकावत ती तिसऱ्या जोडीपाशी अडली. "यातली एक मागे राहतेय."

"मग लावा ना. ही तिची खुंटी."

ताई बघत होती. चाकवालीने डोळे मिटले आणि खुंटी केसभर फिरवली. टिचकी. आणखी केसभर. टिचकी. दोन्ही तारांचा आवाज एकच झाला, आणि ती थांबली. दुकानदाराने सूर दाखवणारं छोटं यंत्र तारांशी धरलं, काटा बरोबर मध्यावर आलेला पाहिला आणि ते खिशात टाकलं.

"कुणाकडे शिकलात?"

"सायकलींकडे," ती म्हणाली. त्या क्षणी तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की लाज वाटायचीही राहून गेली.

मँडोलिन काखेत मारून ती जिना उतरली. ताई मागोमाग. शेवटच्या पायरीवर तिने हिचा दंड धरला.

"तुला गळा नव्हता गं. कान होता. मला तेव्हा कुठे कळत होतं, नऊ वर्षांची होते मी." मग नाक पुसून, शाळेतल्या बाईंसारखा आवाज करून म्हणाली, "उद्या माझा वर्ग आहे. ती माझी गिटार मेली कधी नीट लागत नाही. मुलं हसतात. येशील लावून द्यायला?"

चाकवालीने लगेच हो म्हटलं नाही. ताईला तिने रस्ता ओलांडेपर्यंत चांगलं ताटकळत ठेवलं.

"किती वाजता येऊ?" मग तिने विचारलं.