कय्युम मिस्तरीचा तुंबलेला रेडिएटर

अक्कलकुव्यात गाडीचं इंजिन तापलं की माणसं आधी कय्युम मिस्तरीला शोधतात. तुंबलेला रेडिएटर उघडायचा, नळ्यांत सळई घालून गाळ काढायचा आणि गाडीवाल्याला चार शब्द सुनावायचे, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. "पानी बदलं नही, आते कसाले रडी ऱ्हायना?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याच कय्युमच्या हृदयाची नळी तुंबली. डॉक्टरांनी नळीत स्टेंटची जाळी बसवायला सांगितली आणि मिस्तरीची पाचावर धारण बसली. पण भितो म्हणायचं कसं? सुरतेला जीवशास्त्र शिकणारी त्याची लेक लायबा ईदला घरी आली होती. तिनेच नकळत आयतं निमित्त हाती दिलं. माणसाच्या श्वासनळीतल्या पेशींपासून म्हणे शास्त्रज्ञांनी इवलेइवले जिवंत रोबो बनवलेत. अंगावरच्या बारीक केसांनी ते पोहतात. उद्या कदाचित रक्तवाहिनीतला गाळही काढतील.

यातले 'उद्या' आणि 'कदाचित' कय्युमने चहाबरोबर गिळून टाकले.

मग काय, दुकानात येईल त्याला ऐकवणं सुरू. "मन्हा गळामाईन पेशी काढतीन, त्यास्ना मिस्तरी बनाडतीन नि मन्हाच नळीमा सोडतीन. घरना मानसं, मजुरी भी नही!"

लायबा कळवळून म्हणाली, "अब्बा, त्या आजून काचनी बशीमाच शेतस."

"मंग उतरू दे त्यास्ले बशीमाईन. मी थांबस."

इकडे दुकानाची पायरी चढतानाही त्याला धाप लागत होती. त्याची बायको चांदबी हिचा जीव टांगणीला लागला. समजावून झालं, भांडून झालं, लायबा सुरतेला परतली, तरी तो हलेना.

बाजाराच्या दिवशी मोलगीचा रायसिंग आपली जीप ढकलत आला. बॉनेटमधून वाफा, मागे सवाऱ्यांचा कालवा. कय्युम पाना घेऊन उठला, तोच चांदबी आडवी आली.

"रायसिंगभाऊ, गाडी तशीच घाटमा लई जा. नळीमा पोहनारा रोबो येनार शेतस. त्याच साफ करतीन."

कय्युम भडकला. "येडी झायी का? त्या येतीन तवलोंग इंजिन जाम हुई जाई! मानसं मरतीन घाटमा!"

चांदबी नुसती त्याच्या छातीकडे बघत राहिली. रायसिंगला काही कळेना, पण तोही तिकडेच बघू लागला.

कय्युमने मान खाली घालून जीपचा रेडिएटर साफ केला. हात धुताना पुटपुटला, "लायबाले फोन लाव. डॉक्टरले इचार, कव्हय येऊ."

जाळी बसली. चांदबी भेटायला आत गेली, तर एवढा दांडगा मिस्तरी पोरासारखा रडत होता.

"पानी बदलं नही, आते कसाले रडी ऱ्हायनात?" ती म्हणाली, आणि ओढणीत तोंड खुपसून स्वतःच रडू लागली.