बदलून आणा, पण आपलीच आणा

आमच्या पाड्यात रेडिओ होता पुरुषांचा आणि त्याची बॅटरी होती बायकांच्या डोक्यावर. सातपाटीच्या बाजूला आमचा कोळ्यांचा पाडा, वीज नाही. तिकडे तारापूरला अणूपासून वीज करायचं काम चाललंय, आता काय, घरोघर दिवे लागणार, असं ओटीवर बसून जो तो सांगायचा. तोवर वर्गणी काढून घेतलेला रेडिओ पाटलांच्या ओटीवर मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. ती उतरली की मासळी विकायला पालघरला जाणारी कुणीतरी बाई ती पाटीत घालून चार्जिंगला न्यायची. कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच. मेली अशी जड, की मान खांद्यात रुतायची. वर ॲसिड सांडून माझ्या दोन लुगड्यांची चाळण झाली होती.

पालघरला स्टेशनजवळ दोन दुकानं. एक बदलीवाला. त्याला रिकामी बॅटरी द्यायची, दुसरी भरलेली उचलायची आणि चालू पडायचं. दुसरा तातडीवाला. तो तुमचीच बॅटरी दोन तासांत भरून द्यायचा, पण करंट असा सोडायचा की ती तापून आतून बुडबुडायची. झालं! पाड्यात दोन तट पडले.

"आपली नवी देऊन कुणाची म्हातारी आणायची? उद्या बायका पण बदलून आणशील!" एक तट म्हणायचा.

"आणि तुजी तातडी? जाळ वाडवला म्हणून भात लवकर होत नाय, करपतो."

आता भात यांच्यापैकी कुणी कधी रांधला होता, देव जाणे. बॅटरी तर एकानंही उचलून पाहिली नव्हती. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

त्यात माझ्या धाकट्या बहिणीचं गाणं ठरलं. ती मुंबईला मावशीकडे राहून शिकत होती. तिच्या शाळेतल्या मुलींना रेडिओवर बोलावलं होतं आणि दुपारी बारा वाजता बायकांच्या कार्यक्रमात ती एकटी एक गाणं म्हणणार होती. हळदीला म्हणायचं आमचं गाणं, आईनंच शिकवलेलं. आईचे गुडघे गेलेले, मुंबईला जाणं जमत नव्हतं. नारळी पुनवेपासून तिनं त्या पोरीचा आवाज ऐकला नव्हता. पत्र आल्यापासून दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवून सांगायची, "माजी पोर बोलनार हाय."

पाड्याची पोर गाणार म्हटल्यावर पुरुषांनी जबाबदारी अंगावर घेतली. ऐन वेळी घोळ नको म्हणून चार दिवस सकाळ-संध्याकाळ रेडिओ लावून तपासला. इतका तपासला की आदल्या दिवशी बॅटरी उतरली.

मग बैठक. दोन्ही तट हटेनात. शेवटी पाटलांनी निवाडा दिला, "येळ नाय, तवा बॅटरी बदलूनच आणायची. पन आणायची आपलीच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, एकाही शहाण्याला हसू आलं नाही! ओळख पटावी म्हणून होडीच्या रंगातला लाल पट्टा बॅटरीवर ओढला, आणि दोन्ही तटांचं समाधान झालं. माझं कुणी विचारलं नाही.

सकाळी पहिल्या एस्टीनं मी पालघर गाठलं. बदलीवाला म्हणाला, "बाई, बदली म्हणजे बदली. तुमचीच पाहिजे तर उद्या या." तातडीवाल्याकडे तारापूरच्या कामावरच्या ट्रकांच्या बॅटऱ्यांची रांग. "तीन बजे आना," त्यानं मान वर न करता सांगितलं. मी मागे फिरले, आपली बॅटरी बदलीवाल्याला दिली, त्याची भरलेली उचलली, मासळीची पाटी बरोबर आलेल्या शेजारणीच्या गळ्यात घातली आणि परतीची एस्टी पकडली.

पाड्यात पोचले तेव्हा बाराला वेळ होता. आई ठेवणीतलं लुगडं नेसून पाटलांच्या अंगणात येऊन बसली होती. मी बॅटरी ओटीवर ठेवली. पाटलांनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली.

"ही आपली नाय. पट्टा कुटं हाय?"

"आदी लावा, मग भांडा!" मी ओरडले.

पण लावायची कशी? लावली म्हणजे बदली मान्य केली, असं तातडीचा तट म्हणाला. नाही लावली म्हणजे बदलीवाल्यांचा अपमान, असं दुसरा. ठराव काय होता, कोण काय बोललं होतं, सगळं पहिल्यापासून निघालं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. मग सव्वाबारा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी एकाला कोपरानं ढकललं, दुसऱ्याच्या पायावर पाय दिला आणि तारा मीच जोडल्या.

रेडिओ खरखरला. कुणी एक गृहस्थ भातावरच्या तुडतुड्यांची माहिती सांगत होते.

मला रडूच फुटायचं बाकी होतं. आई मात्र खांबाला धरून पुढे सरकली, पदर सावरला आणि हात जोडून ऐकत बसली. कुणी खाकरलं तरी बोट ओठांवर ठेवायची. तुडतुडे झाले, खत झालं, बाजारभाव झाले. तिनं सगळं ऐकलं. मग बॅटरी उगाच जायला नको म्हणून पाटलांनी रेडिओ बंद केला.

मी तिला हाताला धरून घरी घेऊन निघाले. अर्ध्या वाटेत ती थांबली.

"लय गर्दी असंल गं तितं," ती म्हणाली. "तिची पाळी आली नसंल."

"व्हय आये," मी म्हटलं. "नसंल आली."