प्रेसचा गिअर
नव्या सुट्या भागावरचा मेणकागद सोलला की ग्रीसचा वास येतो, आणि मी थेट सोनागिरीजवळच्या त्या भंगारवाड्यात जाऊन पोहोचतो. भोपाळच्या कारखान्यात स्टोअर्स अधिकारी म्हणून रुजू होऊन मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. वर्षानुवर्षं पडून असलेले सुटे भाग विकून गोदाम मोकळं करायचं होतं आणि यादी माझ्याकडे होती. आमचे नागपूरकडचे वयस्कर स्टोअरकीपर कागदात गुंडाळलेल्या एका मोठ्या गिअरवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, हा राहू द्या. मोठ्या प्रेसला दुसरा नाही, अन् बनवणारी कंपनीच बंद पडली." मी म्हणालो, "काका, इतक्या वर्षांत एकदा तरी लागला का?" आणि सही करून टाकली. पंधरवड्यातच पत्रे दाबून आकार देणाऱ्या त्या प्रेसमधल्या गिअरचे दात तुटले. आम्ही दोघं तडक भंगारवाल्याकडे गेलो. तो सहज म्हणाला, "वो तो आज सुबह ही काटा, साहब," आणि त्याने बोट दाखवलं. गॅसकटरने चार तुकडे केलेला गिअर उन्हात पडला होता, आणि त्याच्या न झिजलेल्या दातांवर ग्रीस अजून चकाकत होतं. काका रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते वाकले, एका तुकड्यावरची धूळ पुसली आणि एवढंच म्हणाले, "एकदम नवा होता." प्रेस दोन महिने बंद राहिली. आता अशा यादीवर सही करण्याआधी मी रॅकपाशी जातो आणि तिथे काम करणाऱ्याला विचारतो, यातलं काय ठेवायचं.