मोतीबाईची ओढणी आणि तुरीतली डुकरीण

...तर ढाणकीच्या सलूनमधून हरिसिंगनं पोतंभर केस आणून तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पसरले, इथपर्यंत काल आलो होतो. रानडुकराला दिसतं बेताचं, पण नाक असं की जमिनीतला कंद वरूनच हुंगेल. माणसाचा वास आला की फुरफुरत माघारी फिरतं, म्हणून हा आपल्याकडचा उपाय. पण अवकाळी पाऊस आला, केस नाल्यात गेले आणि डुकरं तुरीत आली. हरिसिंग मला म्हणतो कसा, "भाऊ, अख्ख्या ढाणकीची हजामत झाली, डुकराची तेवढी राह्यली!"

हा हरिसिंग म्हणजे बंजारा तांड्यातला माझा धुऱ्याचा शेजारी. त्याचं सोयाबीन पावसानं उभ्या उभ्या सडलेलं. घरात जे यायचं ते या तुरीतूनच.

नाल्याकाठी एक जुनी डुकरीण होती. कळपात राज्य बाईचंच, बरं का! नर वयात आला की बाहेर, मग म्हातारपणी सुळे मिरवत एकटा हिंडतो. ही बाई मात्र पुढं, मागं तिच्या लेकी-नाती. बाळंतपणाआधी दातांनी गवत तोडून तिनं केवढी गंजी घातली होती! वरून छप्पर, आत ऊब. पिलं निघाली ती अंगावर पट्टे घेऊन, खारीच्या बहिणी जशा. शिव्या देता देता हरिसिंग हसला होता.

केसांचं जमलं नाही, म्हणून त्याच्या सुनेनं, शामच्या बायकोनं वर्षानं, तांडाभर फिरून जुनी लुगडी गोळा केली आणि शेताभोवती बांधली. कापड हलतं, जनावर बुजतं. नाल्याकडची बाजू कमी पडली, तेव्हा पोरीनं कुणाला न विचारता पेटीतून सासूची ओढणी काढली. मोतीबाईची, आरशांची. मोतीबाई, हरिसिंगची 'शामची याडी', म्हणजे शामची आई, जाऊन दोन वर्षं झालेली. हयातभर नाल्याकडच्या त्याच कोपऱ्यात बसून तिनं डुकरं हाकलली.

सकाळी आम्ही पाहायला गेलो. बाकी लुगडी चिखलात लोळलेली. ओढणीपाशी मात्र खुरांचे माग आले होते, दोन खूर आणि मागं दोन बारीक टोचे, अगदी हातभर अंतरावर. तिथून सगळे माग वळले होते. नाल्यात परत.

"वाऱ्यानं हालली असंल," मी म्हणालो.

"वारा बाकीच्यायले नव्हता का?" वर्षा म्हणाली. तिला आनंद झाला होता.

मी जवळ जाऊन हुंगलं. धूळ, दुसरं काही नाही. पुढं पाऊस पडला, ऊन पडलं, तरी डुकरीण त्या बाजूनं आत आली नाही. तांड्यातल्या बाया तिथं पाण्याचा लोटा ठेवायला लागल्या. जाता-येता हात जोडायच्या.

हरिसिंग तेवढा बदलला. भाकर खायला दुसऱ्या धुऱ्यावर बसू लागला, तिकडं पाठ करून. भर दुपारी आरशांचे कवडसे तुरीवर फिरायचे, पान हलत नसतानासुद्धा. एकदा माझ्या जवळ सरकून म्हणाला, "भाऊ, तिकून खोकल्याचा आवाज येते."

मोतीबाईला शेवटी छातीचा खोकला होता, हे साऱ्यांना ठाऊक. मी समजूत घातली, "अरे, डुकरीण धोका पाह्यला की 'हुफ्' करते. थेट खोकल्यासारखंच."

"मले नको सांगू डुकरीन काय करते! थे एकडाव 'हुफ्' करते अन् पळते. हे खोकते, थांबते, मंग पानी मांगते."

मी हसणार होतो. त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि राहिलो.

मग एक दिवस दुपारी पाहतो तर तो ओढणीसमोर उकिडवा बसलेला, काहीतरी पुटपुटत. त्यांच्या गोरबोलीत, म्हणून मला कळलं नाही. बोलायचा, थांबायचा, मान हलवायचा. समोरचं माणूस पुरतं बोलून होईस्तोवर थांबावं, तसा. मग उठला आणि गाठी सोडायला लागला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

वर्षा धावत आली. "बाबा! काय करून राह्यले तुमी? शेंगा अजून भरल्या नाहीत. आज सोडली त उद्या सारं डुकरायचं चारापानी होईल!"

तो गाठी सोडतच होता.

"शेंगा भरेपरेंत तरी राहू द्या ना! सासूमाय राखून राह्यल्या, तुमाले काय तरास?" पोरगी रडकुंडीला आली होती. मीही म्हणालो, "हरिसिंगा, तूर जाईल रे हातची. कायले सोडतं?"

त्यानं ओढणीची घडी घातली. एकेक आरसा पालथ्या हातानं पुसला. मग आमच्याकडं न पाहता म्हणाला,

"शामच्या याडीले जितेपनी मी कदी इचारलं नाही, बाई, तुले इथं बसाचं हाय का नाही. आज इचारलं. थे नाही म्हने."